मुलांना मुद्दाम एसटीने गावाला न्यावं का?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, घरी काढला की वादच होतो म्हणून इथे विचारतेय.

आम्ही पुण्यात राहतो, सासर गुहागर तालुक्यात. मे महिन्यात आणि गणपतीला गावी जाणं ठरलेलं. लग्न झालं तेव्हा स्वारगेटहून चिपळूणची एसटी पकडायची, चिपळूणला उतरून गुहागरची गाडी बघायची, असा प्रवास असायचा. मग कार आली आणि एसटी सुटली ती सुटलीच. मुलगी आता दहा वर्षांची आहे, मुलगा सात. दोघांनी अजून एसटीच्या पायरीवर पाय ठेवलेला नाही.

यंदा मे महिन्यात आम्ही तिघांनी एसटीने जावं असं माझ्या मनात आहे. नवऱ्याला सुट्टी कमी आहे, तो दोन दिवसांनी कार घेऊन येईल. तर घरात सगळ्यांचा एकच सूर, दारात गाडी असताना पोरांचे हाल कशाला. सासूबाई फोनवर म्हणाल्या, अगं आम्ही खाल्ले ते धक्के पुरेत, लेकरांना तरी सुखानं येऊ दे. त्यांचंही बरोबर आहे, त्यांनी भर पावसात छत्री धरून फाट्यावर गाडीची वाट बघत दिवस काढलेत.

पण मला जे दिसतं ते सांगते. मुलांच्या शाळेत जी मुलं आहेत त्यांच्या घरी सगळं आमच्यासारखंच, सोसायटीत तेच, पोहण्याच्या क्लासला तेच, वाढदिवसांना तेच. सुट्टीत कुठे फिरायला गेलो तरी हॉटेलात भेटतात ती आमच्यासारखीच माणसं. वेगळं माणूस भेटतं ते फक्त कामाला येणारं नाहीतर काहीतरी पोचवायला येणारं, म्हणजे ज्याच्याशी आपण दारात उभं राहून दोन वाक्यं बोलतो आणि दार लावतो. अनोळखी माणसाच्या शेजारी बरोबरीच्या नात्याने बसायचं, जरा सरकता का म्हणायचं, त्याने म्हटलं की आपण सरकायचं, हे माझ्या मुलांना माहीतच नाहीये. मागच्या वेळी कुंभार्ली घाट उतरत होतो, खाली एवढं कोकण पसरलेलं, आणि दोघंही कानाला हेडफोन लावून आपापल्या स्क्रीनमध्ये, काचा बंद, एसी चालू. घाटाखालचं पोफळी गाव आलं तरी घाट कधी संपला ते दोघांना कळलं नाही. घाट उतरला की हवा बदलते, अंगाला चिकटायला लागते, वास बदलतो, ते कळायला काच तरी खाली पाहिजे ना.

तर प्रश्न असा की घरी कार असताना मुलांना मुद्दाम एसटीने न्यावं का? हा माझा नुसता जुन्या दिवसांचा ओढा आहे की मुलांसाठी त्यात खरंच काही आहे? आणि अलीकडे कोणी लहान मुलांना घेऊन एवढा लांबचा प्रवास केला असेल तर उलटी, बाथरूम, गर्दी याबद्दलही सांगा. विरोधात असाल तरी मोकळेपणाने लिहा.

डबल बेल

ताई, मी कंडक्टरची मुलगी, त्यामुळे माझं उत्तर हो असंच येणार, पण का ते सांगते, जरा लांबेल.

बाबा नोकरीला लागले तेव्हा तिकिटाचं मशीन नव्हतं. हातात ट्रे असायचा, त्यात प्रत्येक किमतीच्या तिकिटांची वेगळ्या रंगाची गड्डी. एसटीचं भाडं टप्प्यावर चालतं, सहा किलोमीटरचा एक टप्पा. कुठून कुठे ते विचारायचं, मनातल्या मनात टप्पे मोजायचे, दोन-तीन रंगांची तिकिटं फाडून एकावर एक धरायची आणि पंचने टक् करून भोक पाडायचं. एका हातात ट्रे, दुसऱ्यात पंच, खांद्याला चामड्याची बॅग, म्हणजे धरायला हातच मोकळा नाही, तर पाठ सीटच्या दांड्याला टेकवायची आणि पायांवर तोल सांभाळायचा. घाटात सुद्धा असंच. मध्येच वे-बिलावर, म्हणजे हिशेबाच्या कागदावर, तिकिटांचे नंबर लिहायचे, तेही चालत्या गाडीत. डेपोत कॅश भरून घरी यायचे तेव्हा दोन्ही हातांची बोटं नाण्यांनी काळी झालेली असायची, साबणाने दोनदा धुतल्याशिवाय आई ताटावर बसू द्यायची नाही.

सुट्टीच्या दिवसांत मी आणि भाऊ कधी कधी त्यांच्याच गाडीत बसून आजोळी जायचो, आणि तेव्हा मी जे बघितलंय ते माझ्या डोक्यातून जात नाही. गावचा पुढारी चढला काय आणि मेंढरांमागे फिरणारा म्हातारा चढला काय, बाबांचा आवाज एकच असायचा. म्हातारा धोतराच्या सोग्याची गाठ सोडून त्यातून एकेक नाणं काढेपर्यंत बाबा तिथेच थांबायचे, मागून लोक ओरडले तरी पुढे जायचे नाहीत. पोटुशी बाई चढली की कोणाला उठवायचं हे त्यांना एका नजरेत कळायचं, आणि ज्याला उठवलं त्याला वाईट वाटू नये असं काहीतरी बोलायचे सुद्धा. मला हे कोणी शिकवलं नाही, मी खिडकीत बसून बघत होते एवढंच.

मुक्कामी गाडीवर ड्युटी असली की वेगळंच. संध्याकाळी तालुक्याहून निघालेली गाडी शेवटच्या गावात रात्री थांबायची आणि पहाटे दुधाच्या किटल्या, कॉलेजची पोरं, दवाखान्याला निघालेली माणसं घेऊन परत फिरायची. ड्रायव्हर आणि बाबा देवळात नाहीतर गाडीतच झोपायचे. गावातलं कोणी ना कोणी भाकरी-कालवण आणून द्यायचं, न सांगता. त्या गावात आमच्या घरचं कोणी नव्हतं, तरी माझ्या लग्नाला तिथून माणसं आली होती.

१ जून १९४८ ला पुणे ते नगर पहिली एसटी सुटली, तिथून आज राज्यात अडीचशेच्या आसपास डेपो झालेत. २०२० च्या मे महिन्यात सगळं बंद असताना परराज्यातल्या मजुरांना राज्याच्या हद्दीपर्यंत फुकट सोडायला याच गाड्या गेल्या, तेव्हा बाबा रिटायर झाले होते आणि टीव्हीसमोर बसून त्यांना राहवत नव्हतं. बोधचिन्हावर बहुजन हिताय बहुजन सुखाय असं लिहिलेलं असतं, बाबांनी ते शब्दशः घेतलं होतं.

मुलांना न्या ताई. आणि कंडक्टरशी बोलू द्या, नुसतं तिकीट घेऊन गप्प बसवू नका.

साधा प्रवासी

मी विरोधात लिहितोय, राग मानू नका.

कॉलेजची पाच वर्षं मी पासवर एसटीने गेलो. पास म्हणजे विद्यार्थ्यांना भाड्यात दोन तृतीयांश सवलत, ती नसती तर मी शिकलोच नसतो, त्यामुळे एसटीबद्दल माझ्या मनात उपकाराचीच भावना आहे. पण त्या गाडीत आम्ही साठ-सत्तरजण उभे असायचो, पेपर असला आणि गाडी भरून आली तर ड्रायव्हर हात दाखवून पुढे निघून जायचा कारण आत पाय ठेवायला जागा नसायची, मग मिळेल त्या टेम्पोला लटकायचं. आमच्यासाठी तो अनुभव नव्हता हो, ती गरज होती. आजही त्या गाडीत जी माणसं बसतात त्यातली बरीचशी दुसरा इलाज नाही म्हणून बसतात. अशा ठिकाणी आपली मुलं घेऊन जायचं आणि बघा बाळांनो जग कसं असतं म्हणून दाखवायचं, हे मला पटत नाही. माणसं काही बघायची वस्तू नाहीत.

दुसरं असं की सीझनला तुम्ही तीन सीट अडवणार, आणि ज्याच्याकडे कार नाही असं एखादं कुटुंब उभ्याने घाट उतरणार. याचा विचार करा.

बरोबरीने वागायला शिकवायचं तर घरात शिकवता येतं. कामाला येणाऱ्या मावशी आपल्याच कपात चहा पितात का, त्यांना मुलं अहो-जाहो करतात का, इथपासून सुरुवात करता येते. त्यासाठी सहा-सात तास धक्के खायची गरज नाही. कार घेऊन जा, हेडफोन काढून ठेवा, काचा खाली करा. घाट तोच आहे.

पाऊलवाट

साधा प्रवासी, तुमचं म्हणणं लागलं आणि लागायलाच हवं होतं. दाखवायला न्यायचं हा विचार माझ्या मनात नाही असं मी लगेच म्हणू शकते, पण माझ्या प्रश्नात तो थोडा डोकावतोय हे खरं. मावशींचं तुम्ही जे लिहिलंय ते आमच्याकडे पाळलं जातं, तरी त्या आमच्या घरात असतात तेव्हा घर आमचं असतं, नियम आमचे असतात. एसटीत कोणीच घरमालक नसतं. मला बहुतेक एवढंच म्हणायचं होतं आणि ते मला तुमच्यामुळे सापडलं.

सीटच्या मुद्द्यावर विचार करतेय. शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी निघता येईल.

घाटवळण

मी दर दोन-तीन महिन्यांनी मुलांना घेऊन कऱ्हाड-चिपळूण करतो, त्यामुळे व्यवहाराचं तेवढं लिहितो, तत्त्वाचं बाकीचे बघतील.

उलटी. याचं मुख्य कारण घाट नसून घाटात खाली मान घालून मोबाईल बघणं आहे. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो, तो मेंदूला सांगतो की गाडी वळतेय, आणि डोळे सांगतात की समोरची स्क्रीन स्थिर आहे, या दोघांचं जुळत नाही आणि पोटात ढवळायला लागतं. म्हणून मान वर, नजर लांब, रस्त्यावर नाहीतर समोरच्या डोंगरावर. पाटण सोडलं की मोबाईल बॅगेत गेलाच पाहिजे, मग कोयनानगर, मग घाट, तेवढ्या वेळात पुन्हा काढायचा नाही. निघताना पोट रिकामं नको आणि गच्च भरलेलंही नको, तेलकट वडापाव तर नकोच, साधी पोळी-भाजी किंवा इडली. आमच्याकडे आवळा सुपारी आणि लिंबाची फोड चालते, गोळी द्यायची असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून. प्लास्टिकच्या पिशव्या हाताशी ठेवा, वरच्या रॅकवर ठेवलेली पिशवी ऐनवेळी काही कामाची नाही. आणि खिडकीतून बाहेर डोकं काढून उलटी करायची नाही, हे मुलांना आधीच बजावून ठेवा, घाटात समोरून येणारी गाडी अगदी घासून जाते.

सीट. पुढच्या बाजूची घ्या. मागच्या चाकावरची आणि शेवटचा बाकडा सोडून द्या, तिथे प्रत्येक खड्डा दुप्पट लागतो आणि मोठ्या माणसालाही मळमळतं. रिझर्व्हेशन ऑनलाइन होतं, चिपळूणपर्यंत करा. चिपळूण ते गुहागर गाडीला रिझर्व्हेशनच्या भानगडीत पडू नका, फलाटावर उभं राहायचं आणि पाटी बघायची. मार्गताम्हाने, शृंगारतळी करत जाते ती गाडी, चढणारे-उतरणारे सतत, मुलांना खरी मजा तिथेच येईल.

तिकीट. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं, म्हणजे तुमची दोघंही अर्ध्यात. तुम्हालाही अर्धंच, १७ मार्च २०२३ पासून राज्याच्या हद्दीत महिलांना निम्मं भाडं आहे. म्हणजे तिघांचं मिळून दीड तिकीट. सासूबाई येणार असतील तर त्यांनाही निम्मंच, आणि ७५ पूर्ण असल्यास काहीच नाही, आधार कार्ड जवळ पाहिजे. सुट्टे पैसे असलेले बरे, पण आता मशीनवर फोनने पण पैसे देता येतात.

बाथरूम. गाडी मोठ्या स्टँडवर थांबते तेव्हा मुलांना लागली असो नसो, नेऊन आणायचं. उतरताना कंडक्टरला सांगून उतरायचं की आम्ही तिघं खाली जातोय, आणि गाडीचा नंबर मुलीला पाठ करायला लावायचा. स्टँडवर एकसारख्या लाल गाड्या उभ्या असतात, मोठी माणसंही चुकीच्या गाडीत चढतात. मध्येच घाई झाली तर लाजू नका, कंडक्टरला सांगा. मला तरी आजवर नाही म्हणणारा भेटलेला नाही.

पाणी भरपूर, एक जुना टॉवेल, आणि खिडकीत कोणी आणि कधी बसायचं याचा मुलांशी करार घरूनच करून निघा.

शाळेच्या वाटेवर

मी मराठवाड्यात एका खेड्यातल्या शाळेवर शिकवते, तालुक्याहून रोज एसटीने जाऊन येऊन. साधा प्रवासी यांचं वाचून गप्प बसवेना.

दादा, तुमचं दुखणं मला पूर्ण कळतं. पण माणसं नाइलाजाने बसतात एवढंच एसटीचं चित्र नाही हो. माझ्या गाडीत सकाळी ज्या मुली असतात त्यांना पाचवी ते बारावी फुकट पास आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ती योजना आहे, आणि सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या आमच्याकडे खास मुलींच्या शाळेसाठी फिरतात. त्या मुलींसाठी गाडीतला तो पाऊण तास म्हणजे दिवसातला सगळ्यात मोकळा वेळ असतो. घरी गेलं की पाणी, धुणं, भांडी, धाकटी भावंडं. शाळेत गेलं की आम्ही. मधल्या वेळात त्या वेण्या घालतात एकमेकींच्या, अभ्यास उतरवून घेतात, भांडतात, रुसतात, आणि जोरजोरात हसतात, जे त्यांना घरात हसता येत नाही. ही गरज आहे हे खरं, आणि आनंद आहे हेही तेवढंच खरं.

अर्धं तिकीट झाल्यापासून तर मी गाडीचा नूरच बदललेला बघतेय. पूर्वी वर्षातनं एकदा दिवाळीला माहेरी जाणाऱ्या बायका आता मनात आलं की निघतात. मागच्या महिन्यात माझ्या शेजारी एक साठीच्या बाई बसल्या होत्या, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीच्या तोंडातून मेथीची जुडी वर आलेली. कुठे निघालात विचारलं तर म्हणाल्या, लेकीकडं, काही काम नाही, सहज. हे सहज म्हणताना त्यांचा चेहरा असा काही फुलला की मी बघतच राहिले. आयुष्यभर बाईने घराबाहेर पडायला कारण द्यावं लागलंय, दवाखाना, लग्न, मयत, देव. सहज कुठे जाता येतं हे त्यांना आत्ता कळलं होतं. मग दोन गावं मागे चढलेल्या एका सुनेला त्यांनी कुठली कुणाची विचारत विचारत पार तिच्या आजोळापर्यंत नेलं आणि शेवटी लांबचं नातं निघालंच. उतरताना अर्धी मेथी त्या सुनेच्या पिशवीत गेली होती.

आता सीट अडवण्याबद्दल. मधल्या वारी गेल्या तर कोणाची जागा जात नाही, तिकीटच विकलं जातं. आणि मला उलटीच काळजी वाटते. ज्यांच्या बोलण्याला वजन आहे, ज्यांना अर्ज लिहिता येतो, ज्यांच्या ओळखी आहेत, ती माणसं एकेक करून कारमध्ये गेली. सरकारी शाळेचं असंच झालं ते मी रोज बघते, जाणत्या घरची मुलं गेली आणि शाळेबद्दल बोलणारं गावात कोणी उरलं नाही. एसटी ज्यांच्या पायाखाली आहे त्यांचं म्हणणं ऐकायला कोणी नसेल तर ती टिकायची कशी? म्हणून कारवाल्यांनीही अधूनमधून यात बसावं, आणि पाहुणे म्हणून येऊ नये, तिकीट काढलेला प्रवासी म्हणून यावं असं मला मनापासून वाटतं. पाऊलवाट ताई, तुम्ही मुलांना काही समजावून सांगू नका गाडीत. बघ तो आजोबा किती गरीब आहे वगैरे अजिबात नको, त्या आजोबांना ऐकू येतं.

साधा प्रवासी

बाई, मेथीच्या जुडीचं वाचून बरं वाटलं. माझी आईसुद्धा आता अशीच उठून मावशीकडे जाते, हे मी विसरूनच गेलो होतो. मुलांना भाषण न देता न्यायचं असेल तर माझा विरोध नाही. मे महिन्यातल्या गर्दीबद्दलचं म्हणणं मात्र कायम आहे.

दोन मुलींचा बाबा

एक विषय कोणी काढला नाही म्हणून मी काढतो, कारण मला तोच सगळ्यात अवघड गेला.

आमच्या लहानपणी गाडीत गर्दी असली की कुठल्याही काकू मला ओढून मांडीवर बसवायच्या, आईला त्यात काही वाटायचं नाही, मलाही नाही. आज माझ्या मुलींना शाळेत चांगला स्पर्श वाईट स्पर्श शिकवतात, अनोळखी माणसाने दिलेलं खायचं नाही हे शिकवतात, आणि ते योग्यच आहे, त्यात मी तसूभरही ढील देणार नाही. मग एसटीत एक आजी पिशवीतून चिकू काढून पुढे करते, घे बाळा म्हणते, तेव्हा मुलीने काय करायचं? पहिल्यांदा असं झालं तेव्हा धाकटीने हात मागे घेतला आणि त्या आजींचा चेहरा पडला. मला दोघींचंही वाईट वाटलं.

आम्ही घरी बसून यावर बोललो आणि काही गोष्टी ठरवल्या. कोणी काही दिलं तर आधी माझ्याकडे किंवा आईकडे बघायचं. आम्ही मान हलवली तर घ्यायचं आणि घेऊन आपल्याकडचं काहीतरी परत द्यायचं, म्हणून आम्ही प्रवासात चिक्की नाहीतर राजगिऱ्याचे लाडू जास्तीचे ठेवतो. मांडीवर बसायचं नाही, त्यासाठी आमची मांडी आहे, दोघी मावतात. कोणाचा हात, कोणाचं बोलणं खटकलं तर हळू आवाजात नाही, मोठ्याने बाबा म्हणून हाक मारायची, गाडीत लाज बाळगायची नाही. हे सगळं निघायच्या आधी, शांतपणे, भीती न घालता सांगायचं.

यातून मुली गप्प होतील असं मला वाटलं होतं. झालं उलट. काय करायचं हे ठाऊक असल्यामुळे त्या जास्त मोकळ्या झाल्या. थोरली आता स्वतःहून शेजारच्यांना विचारते तुम्ही कुठे उतरणार, कारण तिला खिडकी कधी रिकामी होणार ते हवं असतं. आणि गाडीत लिहिलेलं सगळं वाचते, संकटकालीन मार्ग, स्त्रियांसाठी राखीव, आमदारांसाठी, मग आमदार खरंच इथे बसतात का म्हणून मागच्या खेपेला कंडक्टरला विचारलं. त्या माणसाने तिला तिकिटं कापता कापता नीट उत्तर दिलं, कुठल्या राखीव जागेवर कोणाचा हक्क आणि ते आले नाहीत तर कोण बसू शकतं, सगळं. मुलीच्या प्रश्नाला एवढ्या गांभीर्याने उत्तर देणारी मोठी माणसं मी शहरात कमी बघितलीत.

तर माझं मत न्यावं असं आहे, पण एकट्या तुम्ही आणि दोन मुलं असाल तर दिवसाची गाडी धरा, अंधाराच्या आत गुहागरला पोचाल अशी. रात्रीचं नको.

डबल बेल

वरच्या बाबांचं अगदी बरोबर. माझे बाबा पण एकट्या बाईला, लहान मुलं घेऊन आलेल्या बाईला आपल्या सीटच्या जवळ बसवायचे आणि उतरायचं ठिकाण आलं की स्वतः हाक मारायचे. चढल्यावर कंडक्टरला सांगून ठेवा की आम्ही तिघं आहोत, चिपळूणला उतरायचंय, एवढ्या एका वाक्याने फरक पडतो.

मुलाला घंटीची दोरी दाखवा, अजून काही गाड्यांत असते. एक टोला थांबायचं, दोन टोले निघायचं. पण ओढू देऊ नका हं, ड्रायव्हर खरंच गाडी थांबवतो.

पाऊलवाट

एवढं मनापासून कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार.

काल रात्री नवऱ्याला हे सगळं वाचून दाखवलं. तो सुरुवातीला हसत होता, मग कंडक्टर बाबांच्या काळ्या बोटांपाशी गप्प झाला. त्याचे मामा एसटीत ड्रायव्हर होते हे मला माहीत होतं, पण ते गाडी घेऊन गावावरून जाताना वळणावर ठरावीक हॉर्न द्यायचे आणि आजी हातातलं काम टाकून अंगणात यायची, हे त्याने मला लग्नाच्या इतक्या वर्षांत काल पहिल्यांदा सांगितलं. आता त्यालाच यायचंय आमच्याबरोबर, पण सुट्टीचं जमत नाहीये, तर परतीच्या प्रवासात तो आणि मुलगी एसटीने येतील आणि मी मुलाला घेऊन कारने, असं काहीतरी चाललंय.

जायचं मात्र पक्कं. बुधवारी सकाळची गाडी, शाळांना सुट्टी लागून पहिला जोर ओसरल्यावर. मुलीला खाण्याचे आणि हाक मारायचे नियम सांगितले, तिने लगेच मला दोन प्रश्न विचारले ज्यांची उत्तरं माझ्याकडे नव्हती, दोन मुलींचा बाबा, तुम्हाला वेगळं विचारते त्याबद्दल. समजावून सांगणार नाही, भाषण देणार नाही. मोबाईल पाटणला बॅगेत.

एक शेवटचं, घाटवळण, बुकिंगला पुढच्या जागा भरलेल्या दिसतायत. तिघांना एकत्र अशा फक्त मागच्या दाराजवळच्या आणि त्याच्याही मागच्या सीट शिल्लक आहेत. घेऊ का?

घाटवळण

नको, घाट आहे. त्याच दिवशीची पुढची गाडी बघा, तासाभराने निघालात तरी उजेडात पोचाल. तिथेही एकत्र नसतील तर पुढे दोन आणि त्यांच्या मागे एक अशा घ्या, गाडीत बसल्यावर शेजारच्याला विनंती केली की जागा बदलून देतात. मुलगा पुढे तुमच्याजवळ, मुलगी मागच्या सीटवर खिडकीला चालेल, दहा वर्षांची आहे आणि नियम पाठ आहेत. तिकीट निघालं की कळवा, त्या आठवड्यात मीही चिपळूणलाच आहे, गुहागरची गाडी कुठल्या फलाटाला लागते ते आदल्या दिवशी बघून इथे टाकतो.